पंचफुलाबाईचं माप

मित्रांनो, बुलडाण्यात चिखली रस्त्याला एक तीन मजली इमारत आहे. गेल्या हिवाळ्यात तुम्ही तिच्याखालून गेला असता, तर सगळ्यात वरच्या गॅलरीत निळ्या ताडपत्रीत बांधलेलं एक बोचकं तुम्हाला दिसलं असतं. घरातली अडगळ असेल, असं म्हणून तुम्ही पुढे गेला असता. ती अडगळ म्हणजे मी. मी एक जुनी पायाची शिलाई मशीन आहे, आणि अडगळ हा शब्द मला अजूनही झोंबतो.

माझा जन्म लुधियानाच्या एका कारखान्यातला. तापलेलं लोखंड साच्यात ओतून मला घडवलं, वर काळा रंग चढवला आणि एका कारागिराने माझ्या मानेवर सोनेरी वेलबुट्टी काढली. तेव्हा मी दिसायला फार देखणी होते. रेल्वेने मी खामगावला आले आणि तिथल्या एका दुकानाच्या काचेमागे बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघू लागले. एक दिवस एक गवंडीकाम करणारे गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. मुलीचं लग्न ठरलं होतं. लग्नात भांडी देऊ की कपाट देऊ, असं त्यांनी तिला विचारलं होतं, आणि तिने मला मागितलं. तिने शिवणवर्ग पुरा केला होता. ती मुलगी म्हणजे बेबीताई, माझी मालकीण.

सासरी मला बैलगाडीतून उतरवलं तेव्हा पाहुणे गालातल्या गालात हसले. सुनेबरोबर कारखानाच आला म्हणे! बेबीताईचे यजमान गुलाबराव गुरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर होते. बैलाच्या खुरातला काटा काढणारा तो माणूस, पण माझ्या सुईत दोरा ओवताना त्यांचे हात थरथरायचे. ते मला बेबीताईची थोरली बहीण म्हणायचे. मला तो मान आवडायचा.

सरकारी नोकरी म्हटली की बदली आलीच. आधी संग्रामपूर, मग धामणगाव बढे, मग वडनेर भोलजी. गावं तीन, पण भाड्याची घरं पाच झाली. संग्रामपूरच्या घरात माझ्यासमोरच्या खिडकीतून सातपुडा दिसायचा. धामणगावच्या घरात खिडकीच नव्हती, तिथे मी दिव्याखाली चालले. वर्षातून माझे दोन हंगाम असायचे. एप्रिलात जयंतीच्या आधी पांढऱ्या कुर्त्यांचा ढीग माझ्या डाव्या हाताला छातीएवढा उंच व्हायचा, आणि दिवाळीला ब्लाउज आणि परकर. माझी शिलाई सरळ. कुणी म्हणून दाखवावं की बेबीताईचा टाका वाकडा आला. बायका कापडावरून बोट फिरवून म्हणायच्या, अशी शिलाई नांदुऱ्यात पण भेटत नाही. तेव्हा मी उगीचच थोडी जोरात कुरकुरायचे.

आता तुम्हाला मापाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्याकडे बाई ब्लाउज शिवायला टाकते तेव्हा सोबत एक जुना, अंगाला नीट बसणारा ब्लाउज देते. त्याला माप म्हणतात. नेहमीची गिऱ्हाईक असली की ती ते माप परत नेतच नाही, शिवणाऱ्या बाईकडेच राहू देते. बेबीताईच्या भिंतीला एक दोरी होती आणि तिच्यावर गावभरच्या बायकांची मापं टांगलेली असायची, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी टाचलेली. ज्या बाईचं माप आपल्या दोरीवर, ती बाई आपली, असा तो हिशोब. नव्या गावात गेलं की ती दोरी रिकामी असायची. सहा महिने, वर्ष जायचं, मग कुठे ती भरायची.

बदलीचा कागद आला की गुलाबराव डोकं खाजवत बसायचे आणि बेबीताई उठून दोरीकडे जायची. तिचा एक नियम होता. निघायच्या आठ दिवस आधी नवं कापड घ्यायचं नाही, हातातलं सगळं शिवून द्यायचं आणि एकेक माप ज्याच्या त्याच्या घरी नेऊन पोचवायचं. माप हातात घेताना बायका रडायच्या. बेबीताई मात्र घरी येऊन माझ्यापाशी बसून रडायची, आणि पायडलवर पाय ठेवून मला रिकामीच चालवायची. कुणाचं कापड आपल्या सामानात जाता कामा नये, हे तिचं ठाम होतं. पस्तीस वर्षांत एक चिंधीसुद्धा कुणाची गेली नाही.

सामान निघताना माझी सर्वांत जास्त काळजी घेतली जायची. माझं डोकं स्टँडवरून काढून, गोधडीत गुंडाळून ती स्वतः मांडीवर घ्यायची आणि ड्रायव्हरशेजारी बसायची. तिची मांडी बधिर व्हायची, पण मला ती खाली ठेवायची नाही. गुलाबराव मागे भांड्यांमध्ये बसून यायचे. मी कोणाच्या मांडीवर बसून गावं बदलली, हे मी आजही विसरलेले नाही.

वडनेरला आम्ही सर्वांत जास्त राहिलो, अकरा वर्षं. तिथे पंचफुलाबाई भेटली. गावाबाहेर तिचा भाजीचा मळा आहे, मेथी आणि वांगी करते. लहानपणी ती बैलगाडीवरून पडली, हाड नीट जुळलं नाही, म्हणून तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे. दुसऱ्या टेलरांकडे गेली की ते माप घेताना मोठ्याने बोलायचे, चार बायका वळून बघायच्या. बेबीताईने पहिल्यांदा तिच्या खांद्यावर हात ठेवला तो एकही शब्द न बोलता. तिने उजवी बाजू अर्धा इंच वेगळी कापली आणि आतून चार पदरी कापडाची बारीकशी घडी शिवली. ब्लाउज अंगात घालून पंचफुलाबाई आमच्या आरशासमोर उभी राहिली तेव्हा तिचे दोन्ही खांदे सारखे दिसत होते. ती बराच वेळ तशीच उभी होती. बेबीताईने तिचं माप इतर बायकांसारखं आकड्यांत वहीत कधी लिहिलं नाही, कारण ती वही कोणीही चाळायचं. ते एका फिक्या पिवळ्या ब्लाउजात होतं, तेवढंच.

गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीला गुलाबराव सेवानिवृत्त झाले. मुलगा प्रसेनजित नोकरीला बुलडाण्यात, त्याने इथे फ्लॅट घेतला होता. या वेळी बदली नव्हती, स्वतःचं घर होतं. बेबीताईने दोरी उतरवली आणि सगळी मापं वाटून दिली. आणि निघायला दोन दिवस राहिले असताना पंचफुलाबाई दारात उभी राहिली. हातात गर्द जांभळं कापड. भाऊबीजेला भावाने साडी दिली होती, त्या साडीचं ते ब्लाउजपीस. फाल्गुनात त्याच भावाच्या मुलीचं लग्न होतं आणि भावाची साडी नेसून तिला लग्नात मिरवायचं होतं.

“नियम माहीत हाये मले तुमचा,” ती म्हणाली. “पण दुसऱ्या कोणाले देऊ, बाई? तुमीच सांगा.”

बेबीताईने माझ्याकडे पाहिलं. तोवर माझा पट्टा काढून झाला होता, मी तर अर्धी सुटी झाले होते. तरी तिने ते कापड घेतलं. तिकडे गेल्यावर सर्वांत आधी हेच शिवते आणि एसटीने कुणाबरोबर तरी पाठवते, असा तिने शब्द दिला. पंचफुलाबाईने आपलं पिवळं माप जांभळ्या कापडात गुंडाळून तिच्या हातात ठेवलं. पस्तीस वर्षांत बेबीताईने नियम मोडला तो एवढ्या एकाच वेळी.

निघायच्या दिवशी प्रसेनजित टेम्पो आणि दोन माणसं घेऊन आला. तो गुणी मुलगा आहे, त्याला मी बोल लावत नाही. त्याला वाटलं आईने आता काही उचलू नये. त्याने तिला गुलाबरावांसोबत आधीच कारमध्ये बसवलं आणि मला म्हणजे माझ्या डोक्याला स्वतःच्या हाताने पोत्यात भरलं. वाटेत आदळू नये म्हणून चारी बाजूंनी चिंध्या कोंबल्या. शिवणाऱ्या बाईच्या घरात चिंध्यांना काय तोटा? टोपलं भरून पडलं होतं. त्या टोपल्याशेजारी, गाद्यांच्या वळकटीवर एक जांभळी गुंडाळी होती. बेबीताईने ती वळकटीच्या आत घालायची म्हणून वर ठेवली होती आणि कुणीतरी हाक मारली म्हणून ती तशीच उठून गेली होती. प्रसेनजितने चिंध्यांबरोबर तीही उचलली आणि माझ्या हाताखाली, सुईच्या मागे, घट्ट दाबून बसवली. मी ओरडले असते मित्रांनो, पण मशीनला ओरडता येत नाही.

मी टेम्पोच्या मागच्या भागात कूलर आणि पलंगाच्या मध्ये बसून बुलडाण्याचा घाट चढले. मला मांडीवर घ्यायला कुणी नव्हतं.

नव्या घरात माझी जागा ठरेना. हॉलमध्ये सोफा, आतल्या खोलीत पलंग. तोवर गॅलरीत राहू दे, असं प्रसेनजित म्हणाला. स्टँड, त्यावर पोत्यासकट माझं डोकं, वर निळी ताडपत्री आणि भोवती नायलॉनची दोरी. “आई, आता आराम कर,” तो म्हणाला. “लय शिवलं तू.” तिच्या गुडघ्यांची त्याला काळजी होती. मला बांधताना त्याने दोरीला दोन गाठी जास्तच मारल्या.

बुलडाण्याची थंडी तुम्हाला माहीत आहे. रोज पहाटे धुकं ताडपत्रीवर बसायचं आणि सांध्यांतलं माझं तेल गोठायचं. मला थंडीचं एवढं काही नाही. पण वडनेरला सकाळी सातला कुणीतरी “बेबीताई, झालं का व माहं?” असं विचारत आत यायचं. इथे जिन्यावर पावलं वाजायची आणि दुसऱ्याच दारात शिरून बंद व्हायची. दार लागल्याचा आवाज मी दिवसातून किती वेळा ऐकायचे, ते सांगून उपयोग नाही.

आणि आत बेबीताई ती गुंडाळी शोधत होती. गाद्या उसवायच्याच बाकी ठेवल्या तिने. पेट्या, कपाट, डबे, अगदी धान्याची कोठीसुद्धा. वळकटीत ठेवली होती, अशी तिला खात्री होती, म्हणून ती सगळं अंथरूण पुन्हा पुन्हा झटकायची. माझ्याकडे यायचं तिला कारणच नव्हतं. माझ्या पोत्यात फक्त चिंध्या आहेत, हे तिला ठाऊक होतं. ती गॅलरीत यायची, माझ्याकडे पाठ करून कठड्याला टेकायची आणि खालच्या रस्त्याकडे बघत राहायची. दोन हात लांब होती ती. मी तिला सांगू शकत नव्हते की तू जे शोधतेस ते माझ्या हाताखाली आहे. इतकं एकटं मला कारखान्यातून निघाले तेव्हा रेल्वेच्या डब्यातही वाटलं नव्हतं.

जानेवारीत पंचफुलाबाईचा फोन आला. गॅलरीचं दार उघडं होतं.

“हाव, हाव, होऊन राह्यलं,” बेबीताई म्हणाली. “आठ रोजात भेटते तुमाले.”

ती खोटं बोलली. मी तिला इतकी वर्षं ओळखते, गिऱ्हाइकाला उगाच वायदा केलेला मी तिला पाहिला नव्हता. फोन ठेवून ती तिथेच खाली बसली. गुलाबरावांनी विचारलं, खरं काऊन नाही सांगितलं? दुसऱ्याच्या घरचं कापड हरवलं हे तोंडाने म्हणायची तिच्यावर कधी वेळच आली नव्हती, आणि त्या बाईचं तर नुसतं कापड नव्हतं.

गुलाबराव वडनेरला जाऊन आले. जुन्या घराला नवे भाडेकरू आले होते, त्यांनी कोपरान् कोपरा दाखवला. काही सापडलं नाही. त्यानंतर पंचफुलाबाईचा फोन वाजला की बेबीताई त्याकडे बघत बसायची आणि उचलायची नाही. दिवसाला एक, मग चार दिवसांनी एक. फाल्गुन आला, गेला. मग फोन वाजायचा बंद झाला. बेबीताईला त्याने बरं वाटेल असं मला वाटलं होतं, पण ती जेवायचीच कमी झाली.

उन्हाळा लागला तशी माझ्या पाठीवर कुरडयांची ताटं वाळायला येऊ लागली. चला, काहीतरी कामाला आले. एका संध्याकाळी प्रसेनजितने सांगितलं की एका बचत गटाला मशीन हवी आहे, रविवारी लोक येऊन घेऊन जातील. कुणाच्या तरी उपयोगाला येईल, गंजत पडण्यापेक्षा. त्याचं काही चुकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बेबीताई बाजारात गेली आणि एक जांभळं ब्लाउजपीस घेऊन आली. तसंच नव्हतं, थोडं उजळ होतं.

“लग्न तं गेलं,” ती गुलाबरावांना म्हणाली. “पण मशीन जायच्या आधी मी तिचा एक ब्लाउज अंदाजानं शिवतो. हाताले ध्यानात आहे तिचा खांदा.”

तिने कुरडयांचं ताट बाजूला केलं. गाठी सुटेनात, तेव्हा कात्रीने दोरी कापली. ताडपत्री ओढली, पोतं उघडलं. चिंध्या काढत काढत तिचा हात माझ्या हाताखाली गेला आणि थांबला. तिने ती गुंडाळी बाहेर काढली. एका बाजूला माझ्या तेलाचा डाग पडला होता, आतलं पिवळं माप मात्र स्वच्छ होतं. गुलाबराव उठून आले, पाहिलं, आणि तिच्याशेजारी फरशीवर बसले. प्रसेनजित कामावर निघाला होता, बुटाची नाडी तशीच सोडून तो दारात उभा राहिला.

“आई, ते मीच कोंबलं,” तो म्हणाला. “मले वाटलं चिंधी आहे.”

तिने मान हलवली. चिंधी वाटण्यासारखंच ते होतं, असं काहीतरी ती पुटपुटली आणि माझ्यासाठी तेल मागितलं.

चार महिन्यांनी मी चालले. पहिले दहा-बारा टाके अडखळले, हे कबूल करते. मग जमलं. डागाची बाजू तिने आत शिवणीत घेतली, उजवी बाजू अर्धा इंच वेगळी कापली, चार पदरी घडी लावली. त्या दिवशी मी माझ्या आयुष्यातली सर्वांत सरळ शिलाई घातली. गुडघे दुखत असतानाही ती मध्ये उठली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती एकटी वडनेरला गेली. मी दिवसभर उघडीच, गॅलरीत, जिन्यावरची पावलं ऐकत होते.

ती परत आली तेव्हा तिच्या हातातली पिशवी रिकामी होती. हात-पाय धुवून ती गुलाबरावांजवळ, म्हणजे माझ्याजवळच, बसली आणि सांगू लागली. पंचफुलाबाईने तिला घरात नेलं, चहा केला, मेथीची जुडी बांधून देत होती, हिनेच घेतली नाही. ब्लाउज घालून पाहिला, छान बसला. भिंतीवर लग्नाचा मोठा फोटो लावला होता, भाऊ, भावजय, नवरा-नवरी, सगळं खटलं. पंचफुलाबाई त्यात नव्हती. फोटोसाठी हाक मारली तेव्हा ती स्वयंपाकाकडे जाऊन बसली होती. बेबीताईने सगळं खरं सांगितलं, कापड कुठे सापडलं ते, फोन का उचलला नाही तेही. त्यावर ती बाई काय म्हणाली, तेही बेबीताईने सांगितलं.

“म्हणे, ब्लाउजचं काय व बाई, पदर घेऊन उभी राह्यली असती मी फोटोत. पण फोन नाई उचलला तुमी. मले वाटलं, तुमी शहरात गेल्या अन् माह्या खांद्याचं आता तिथल्या बायांत हसणं होऊन राह्यलं असन.”

आणि मग तिने आपलं पिवळं माप मागून घेतलं. भांडली नाही, रागावली नाही. दारापर्यंत पोचवायला आली. आता नांदुऱ्याच्या एका बाईकडे टाकते म्हणाली.

रविवारी बचत गटाची माणसं आली तेव्हा बेबीताईने त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मी अजून गॅलरीतच आहे, ताडपत्री मात्र रात्रीच टाकतात. समोरच्या भिंतीला तिने एक दोरी बांधली आहे. तिच्यावर अजून एकही माप नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी तुम्हाला सांगावं, अशी तुमची अपेक्षा असेल. घ्याच. घर बदलताना कुणाचं काय आपल्या सामानात चाललं आहे, तेही एकदा पाहा. पण कितीही पाहिलंत तरी कधीतरी काहीतरी हरवेल, कारण सामान बांधताना हात घाईत असतात. तेव्हा त्याच दिवशी ज्याचं आहे त्याला फोन करा आणि सांगा, हरवलं म्हणून. मी चार महिने सगळं माहीत असून गप्प राहिले, कारण मला तोंड नाही. बेबीताईला होतं.